पंचनाम्यात पोहणारी माणसंही मोजा

प्रति,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
तसेच पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

सप्रेम नमस्कार.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. घराच्या मागच्या दारातून निघालं की पोफळीची वाडी, मग सुरूचं बन, मग पुळण. लग्नानंतर चेन्नईला आले, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. म्हणजे आयुष्य दोन किनाऱ्यांवर गेलं. दोन्ही किनाऱ्यांनी मार खाल्लेला मी पाहिला आहे, आणि मार खाल्ल्यावर दोघांनी काय केलं तेही. पलीकडच्या किनाऱ्यावर जे घडलं त्यातलं थोडं आपल्याकडे यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूला येतंय हे दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं. बाबा वाडीत, मी इथे टाळेबंदीत अडकलेली. बाराच्या सुमारास फोन लागला तेव्हा मागे नुसता घोंगावणारा आवाज होता. बाबा म्हणाले, "माड जमिनीला टेकायला लागलेत गं, ठेवतो." त्यानंतर सहा दिवस फोन नाही. सातव्या दिवशी कोणी तरी दापोलीपर्यंत चालत जाऊन निरोप धाडला की माणसं सुखरूप आहेत, कौलं गेली, वाडी झोपली. मधल्या दिवसांत गावाला कोणी हलवलं? कोळीवाड्यातल्या पोरांनी. कोयते, करवती, होडीचे दोर घेऊन त्यांनी आडवे झालेले माड ओढून काढले आणि रस्ता मोकळा केला. होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या आणि पोरं गावातच होती, हे आमचं नशीब.

मग पंचनामे झाले. तलाठी आले, कृषी सहायक आले, विजेशिवाय, करोनाच्या भीतीत, त्यांनी दारोदार जाऊन काम केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माडाला २५० रुपये, पोफळीला ५० रुपये असा हिशेब नंतर ठरला. जे माड माझ्या आजोबांनी लावले होते ते असे मोजले गेले. झाडं मोजली, कौलं मोजली, पत्रे मोजले, जाळी मोजली. पुढे कधी तरी एका कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा गावनिहाय आराखडा बघायला मिळाला. त्यात "पट्टीचे पोहणारे" असा रकाना होता. आमच्या गावापुढे दोन नावं. एक गृहस्थ चार वर्षांपूर्वी वारलेले, दुसरे मुलाकडे मुंबईला राहायला गेलेले. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

आता चेन्नईची गोष्ट सांगते.

डिसेंबर २०१५. १ तारखेला रात्रभर कोसळला. तांबरमला चोवीस तासांत जवळपास ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, वरून धरणाचं पाणी सोडलं, आणि अड्यार नदी वस्त्यांत शिरली. सासूबाई तेव्हा नदीकाठच्या एका वसाहतीत तळमजल्यावर राहायच्या. वय ७४, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तर पाणी छातीपर्यंत. मी समुद्रापासून दोनशे पावलांवर वाढलेली बाई, आणि मला पोहता येत नव्हतं. नवरा पाण्यात उतरला आणि पहिल्याच वळणावर ओढीनं कुंपणाला जाऊन आदळला.

तेवढ्यात तीन पोरं आली. उघडी, काळीकुळकुळीत, बारीक अंगाची. त्यांच्यापाशी सर्फिंगचा, म्हणजे लाटांवर उभं राहून खेळायचा, एक निळा लांब बोर्ड होता, शिकाऊ लोकांना देतात तसला, वरून मऊ फोम असलेला. कोवळमहून आलो म्हणाले. एक जण पुढे वल्ह्याच्या टोकानं तळ चाचपत चालला होता, कारण गटाराची झाकणं उघडी पडली होती. दुसरा बोर्डाच्या नाकाशी, तिसरा शेपटाशी. सासूबाईंना त्यांनी उशी ठेवून बोर्डावर बसवलं. त्या घाबरून रामरक्षा म्हणत होत्या. पोरगा म्हणाला, "पाट्टी, बयप्पडादींग." आजी, घाबरू नका. जिथे माझा नवरा वाहवला होता त्या वळणावर मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत म्हणून दिसलं. पोरं सरळ आली नाहीत. त्यांनी बोर्डाचं नाक पाण्याच्या ओढीकडे वळवलं, थोडं थांबली आणि तिरकं कापत, पाण्यालाच काम करायला लावत, पलीकडच्या भिंतीला येऊन टेकली. कुठे जोर लावायचा नाही हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. एक शब्द न बोलता तिघांनी ते केलं. सासूबाई कोरड्या पायांनी उतरल्या. पोरं परत वळली, कारण मागच्या इमारतीत दोन लहान मुलं होती.

त्या पुरात मच्छीमारांच्या होड्या शहरभर फिरल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. लाटांवर खेळणारी पोरंही होती, हे कमी जणांना माहीत आहे. त्यांना ते कुठून आलं हे बघायला मी पुढच्या महिन्यात कोवळमला गेले.

कोवळम म्हणजे केरळचं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर महाबलीपुरमच्या रस्त्यावरचं मच्छीमारांचं गाव. या सगळ्या किनाऱ्यावरून २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी गेली. रविवारची सकाळ होती. सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजत होते. लाट इथे पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला, आणि त्या दोन तासांत किनाऱ्यावरच्या माणसांना सरकारकडून इशारा आला नाही. हैदराबादचं इशारा केंद्र २००७ साली सुरू झालं, त्सुनामीनंतर. तामिळनाडूत जवळजवळ ८ हजार माणसं गेली, त्यातली ६ हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. मला त्यानंतरचे आठवडे आठवतात. चेन्नईत कोणी मासळी घेईना. ज्यांच्या होड्या वाचल्या होत्या त्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. ज्या बायांनी लेकरं गमावली त्या समुद्राकडे पाठ करून बसत, आणि ज्यांची वाचली त्या त्यांना पाण्याला पाय लावू देत नसत.

अशा किनाऱ्यावर मूर्ती मेगवन नावाच्या कोवळमच्या मच्छीमारानं पोरांना पुन्हा पाण्यात नेलं. तो स्वतः लहानपणी फळकुटावर पोट टेकून लाटा घ्यायचा. कट्टुमरम हा शब्द तमीळच, बांधलेली लाकडं. त्या किनाऱ्यावरच्या पोरांना लाकडावर तोल सांभाळायला वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे बाहेरून आलेल्या एका माणसाच्या बोर्डावर तो उभा राहिला, आणि २०१२मध्ये काही हितचिंतकांच्या मदतीनं गावात सर्फिंगची शाळा निघाली. गावातल्या मुलांना फुकट. अट एवढीच की शाळा सुटता कामा नये आणि दारू-सिगारेटला हात लावायचा नाही. बाहेरच्यांकडून पैसे घ्यायचे, त्यावर गावची पोरं शिकवायची. केरळच्या कोवळममध्येही अशीच एक संस्था "शाळा नाही तर सर्फिंग नाही" म्हणते. तिथल्या किनाऱ्यावर वाढलेल्या रमेश बुदिहाळनं ऑगस्ट २०२५मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

पदकाचा आनंद आहेच, पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसली ती तिथल्या रोजच्या सकाळीत. पहाटे साडेपाचला पोरं किनाऱ्यावर येतात आणि दहा मिनिटं नुसती उभी राहून पाणी बघतात. लाट कुठे फुटतेय, वारा कुठला, वाळूचा बांध कालच्यापेक्षा सरकलाय का. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. पाहुणा माणूस "इथे लाट नाही" म्हणून नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला तीच वाट धरतं आणि माणसाला आत नेतं. पोरं तो पट्टा बोट दाखवून सांगतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका, आडवे जा, ओढ संपते तिथून लाटेबरोबर या. माझ्या लेकीला हे वयाच्या दहाव्या वर्षी कळलं. मला ४१व्या वर्षी, तिच्याच मास्तरांकडून. त्या गावात बुडणारा पाहुणा दिसला की शिट्टीची वाट न बघता जवळचा पोरगा बोर्ड घेऊन निघतो. लाटा फुटतात तिथे होडी न्यायला वेळ लागतो आणि धोकाही असतो. बोर्ड एका पोराच्या काखेत मावतो, दोघांना पाण्यावर धरून ठेवतो आणि लाटेबरोबर आपसूक किनाऱ्याला येतो.

आता मला जे सगळ्यात जास्त बोचतं ते लिहिते.

त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेनं मृतांचे आकडे बाया आणि पुरुष असे वेगळे करून पाहिले. तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात ३९१ बाया गेल्या होत्या आणि १४६ पुरुष. जवळजवळ तिप्पट. कारणं ऐकली तर आपल्या कोणत्याही बंदरावरची वाटतील. पुरुष समुद्रात होते, खोल पाण्यात त्सुनामी होडीखालून निघून जाते, कळतही नाही. बाया किनाऱ्यावर होत्या, येणाऱ्या होड्यांची आणि मासळीची वाट बघत, किंवा घरात, कडेवर पोर. आणि पोहायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. अंगावर साडी, हातात लेकरू, समोर पाणी.

हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाला संध्याकाळी उभ्या असलेल्या बाया डोळ्यांसमोर आणा. टोपल्या, बर्फ, ओरडून चाललेला भाव. त्यातल्या किती जणींना पोहता येतं? मी विचारलं आहे. माझ्या बरोबरीच्या, कोळीवाड्यातल्या, माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना विचारलं. नवरा तांडेल, दीर खलाशी, सासरे नाखवा, आणि हिला कमरेच्या वर पाणी माहीत नाही. आम्हा वाडीतल्या मुलींचंही तेच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, पाय भिजवायचे, परत यायचं. आई म्हणायची, दर्या लांबून बघावा. तिची काळजी खोटी नव्हती. पण त्या काळजीची किंमत ३९१ आणि १४६ या आकड्यांत दिसते.

आपल्याकडे त्सुनामी येईल की नाही ते तज्ज्ञ सांगतील. वादळं तर येतच आहेत. २०२०ला निसर्ग, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. आणि वादळ नसतानाही आमचा किनारा माणसं घेतो. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ला मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले ८ जण. दोन्ही वेळा आकाश निरभ्र होतं. त्यानंतर फलक लागले, "खोल पाण्यात जाऊ नये". फलक वाचून कोणी ओढ ओळखत नाही. ओढ ओळखणारा माणूस तिथे हजर लागतो, त्याच्याकडे पाण्यात न्यायला काही तरी लागतं, आणि महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात पगार पडावा लागतो. गोव्यानं २००८पासून किनाऱ्यांवर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक ठेवले आहेत. आमच्याकडे कुठे ग्रामपंचायत हंगामापुरते दोन मुलगे उभे करते, त्यांच्या अंगात रंगीत बनियन असतं आणि हातात शिट्टी. ती मुलं चांगली पोहतात, मनापासून काम करतात. पण बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो तेव्हा काय करायचं, वर काढल्यावर छाती कशी दाबायची, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

कोणी म्हणेल, कोकणात कुठली आली सर्फिंग? पावसाळ्यात आपला समुद्र अंगावर येतो, तेव्हा मुलांना पाण्यात नेण्याचं नाव काढू नये. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुळणीवर गुडघ्याएवढी, कमरेएवढी पांढरी लाट येते. मोठ्या स्पर्धा तिच्यावर होणार नाहीत. पण शिकायला तीच लागते. कोवळमलाही नवख्याला फुटून गेलेल्या लाटेच्या फेसातच उभं करतात. आणि मला प्रत्येक गावात सर्फर नकोच आहेत. मला प्रत्येक गावात समुद्राच्या अंगाखांद्यावर वाढलेली, पाणी वाचणारी पंचवीस-तीस मुलं-मुली हव्या आहेत. बोर्ड हे त्यांना रोज पाण्यात ओढणारं खेळणं. खेळ नसेल तर वर्षातून एकदा होणाऱ्या सरावाला कोण येतं, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

यातलं बरंचसं आपल्या हातात आजच आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. म्हणजे किनाऱ्यावरच्या शाळा आणि किनाऱ्यावरचा आराखडा एकाच टेबलाशी बसतात. आपत्तीत मदतीला धावणारे स्वयंसेवक तयार करणारी केंद्राची आपदा मित्र योजना २०१६मध्ये ३० जिल्ह्यांत ६ हजार स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत १ लाखांपर्यंत न्यायची ठरली. त्यातले किनारी जिल्ह्यांचे स्वयंसेवक पुळणीवरून निवडा. कोळी, गाबित, भंडारी, दालदी वस्त्यांतली पोरं-पोरी, तारकर्लीला पाहुण्यांना पाण्याखाली नेणारे, रापण ओढणारे, जलक्रीडेच्या बोटींवर काम करणारे. त्यांची नावं त्या रकान्यात लिहा, दर वर्षी मेमध्ये वादळाआधी यादी तपासा, गेलेल्यांची काढा, नव्यांची घाला. प्रत्येक गावात पुळणीच्या काठाला एक शेड द्या, जिथे चार बोर्ड, दोर, जीवरक्षक जॅकेटं राहतील आणि जिची किल्ली मुंबईला नव्हे, कोळीवाड्यात असेल.

आणि मुलींना पोहायला शिकवा. किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद शाळांत पाचवीपासून. शिकवायला बाया ठेवा, म्हणजे घरचे पाठवतील. श्रीलंकेच्या अरुगम बेला, जिथे त्सुनामीनं सगळं धुऊन नेलं होतं, २०१८मध्ये बायकांनी स्वतःचा सर्फ क्लब काढला. तिथेही आयांनी आधी नाहीच म्हटलं असणार. माझ्या आईनं तर अजून म्हणणं सोडलेलं नाही.

अरुगम बेचं नाव काढलं आहे तर तिथली दुसरी गोष्टही सांगायला हवी. त्सुनामीनंतर श्रीलंका सरकारनं किनाऱ्यापासून पट्टा आखला, पूर्व आणि उत्तरेला २०० मीटर, आणि त्यात घर परत बांधू दिलं नाही. कारण सुरक्षेचं. पण हॉटेलांना त्यातून वाट मिळत होती. मच्छीमारांनी विचारलं, लाट आम्हालाच ओळखते का? ज्यांच्यामुळे किनारा जागा राहतो त्यांनाच मागे सरकवलं की पुढच्या वेळी पाण्यापाशी कोणी नसतं. कोवळमलाही आता जागेचे भाव चढले आहेत आणि जाळी वाळवायची जागा आकसली आहे. २०२१मध्ये किनाऱ्याला स्वच्छ किनाऱ्यांसाठीचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं, चांगलंच झालं, स्वच्छता आली. पण तिथली जुनी माणसं पाहुण्यांच्या गाड्यांकडे बघत गप्प बसतात, तेही मी पाहिलं आहे. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारे, किनारी रस्ते, रिसॉर्ट येताहेत. काळ्या दगडांची रांग गाव आणि पुळण यांच्या मध्ये पडली की होडी ओढायला जागा राहत नाही आणि पोरांना पाण्यात उतरायला वाट राहत नाही. कुठे बंधारा हवा आणि कुठे नको हे अभियंत्यांनी ठरवावं, पण आखणीआधी एकदा कोळीवाड्यात बसून विचारावं. दगड कुठे टाकले की वाळू कुठली जाते, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या दिसत आलं आहे.

केरळनं हे ऐकलं. २०१८च्या पुरात ४ हजारांहून जास्त मच्छीमार ६६९ होड्या ट्रकवर घालून आतल्या गावांत गेले आणि सुमारे ६५ हजार माणसं बाहेर काढली. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. आदल्या वर्षीच्या ओखी वादळात ज्या वस्त्यांनी आपली माणसं घालवली, त्यातलेच ते. ओखीनंतर तिथल्या सरकारनं मच्छीमार तरुणांना किनारी पोलिसांत वॉर्डन म्हणून घेतलं. कौतुकाचे शब्द तर सगळेच बोलतात, तिथे नोकरी दिली.

मी येत्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी माहेरी येते आहे. बरोबर लेक आहे. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली आहे. कोवळमच्या शाळेनं वापरून जुने झालेले तीन बोर्ड दिले आहेत, ते ट्रान्सपोर्टनं पुढे पाठवले आहेत. गावच्या शाळेतल्या बाईंशी बोलणं झालं. पहिल्या दिवशी दोन मुलींची नावं आली, कोळीवाड्यातल्या एका आजींनी स्वतःच्या नातीचं नाव घातल्यावर ती अकरा झाली. पुळणीवर सकाळी साडेसहा ते आठ, ओहोटी बघून, कमरेपर्यंतच्या पाण्यात, दर चार मुलींमागे एक मोठं माणूस आणि वर दोरासकट उभे दोन तांडेल, अशी व्यवस्था लावली आहे. परवानगीचा अर्ज जिल्हा कार्यालयाला रजिस्टर टपालानं पाठवला आहे, पोच माझ्याकडे आहे. आपल्यापैकी कोणाला एखाद्या सकाळी येऊन बघता आलं तर फार बरं होईल. चहा आमच्या वाडीत होईल. निसर्गनंतर बाबांनी लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्या आहेत.

आपली नम्र,
दापोली तालुक्यातली एक माहेरवाशीण
चेन्नई